साडेदहाची शाळा, दीडची खिचडी

(दृश्य : धुकं. पायवाटेवरून मुलं एकामागोमाग उतरताहेत.)

जव्हार तालुक्यातला एक पाडा. सकाळचे साडेनऊ. शाळा साडेदहाची, पण पोरं निघालीसुद्धा. आईबाप उजाडताच कामाला गेले, मग घरात थांबून करायचं काय? कुणाच्या हातात रात्रीची नागलीची भाकर आहे. बाकीचे कोऱ्या चहावर.

(दृश्य : पत्र्याची खोली, काळवंडलेलं पातेलं, चुलीतला जाळ.)

शाळेच्या मागं ताईंची चूल पेटलीय. शेगडी आहे, सिलिंडर संपलाय. म्हणून आज लाकडं.

गुरुजी हजेरी घेऊन आकडा सांगतात, त्रेचाळीस. सगळी पहिली ते पाचवीची. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे आज तांदूळ चार किलो तीनशे ग्रॅम. ताईंना तराजू लागत नाही. स्टीलच्या डब्यानं मापतात, वरचा ढीग तळव्यानं सपाट करतात. आम्ही हट्टानं वजन करून पाहिलं. चाळीस ग्रॅम जास्त भरले. ताई म्हणाल्या, "जास्तच असू द्या."

(दृश्य : फोडणी. आवाज तसाच ठेवणे.)

मोहरी, जिरं, हळद, तिखट. मग मुगाची डाळ आणि आज मिळाला तो भोपळा.

अकराच्या सुमारास हा वास वर्गात शिरतो. पाढे चाललेत. बाराच्या पाढ्याला सूर कसा ढेपाळतो, कान देऊन ऐका.

(दृश्य : तांदळाची पोती, भिंतीवरचा जुना फलक.)

ही खिचडी इथवर सरळ वाटेनं आलेली नाही. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली बालमृत्यू झाले, तेव्हा कुठं मुंबईला कुपोषण दिसलं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. पण मिळायचा तो कोरडा तांदूळ, महिन्याला तीन किलो, तोही हजेरी ८० टक्के भरली तर. पिशवी घरी जायची आणि तीन किलोत अख्खं घर जेवायचं. शाळेतल्या पोराच्या वाट्याला त्यातलं किती यायचं, हिशोब तुम्हीच करा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शिजवलेलं अन्न द्या. त्यानंतर गावोगावच्या शाळांत चुली आल्या. आज प्राथमिकच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असा नियम आहे. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून पीएम पोषण झालं. पाड्यावर अजून ती 'खिचडी'च.

(दृश्य : गुरुजी चव घेतात, नोंदवहीत सही करतात.)

मुलांच्या आधी गुरुजींनी खायचं, हाही नियमच. आज मीठ बेताचं आहे.

दुपारी खिचडी, पण सकाळच्या खाण्याचं काय? हा प्रश्न काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांना सकाळची न्याहारी द्यावी असं लिहिलंय. गरम अन्न जमत नसेल तिथं गूळ-शेंगदाणे किंवा गूळ-चणे चालतील, इतकं सोपं करून लिहिलंय. तमिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईतून सरकारी प्राथमिक शाळांत नाश्ता सुरू केला. उपमा, पोंगल, आणि हो, खिचडीसुद्धा. तिकडं आमचा कॅमेरा गेला नाही. पण चूल इथंही आहे, ताईही आहेत.

ताईंचं मानधन महिन्याला अडीच हजार, वर्षातले दहाच महिने. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्याला एक अंडं ठरलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचा निधी थांबवला.

(दृश्य : पंगत. निवेदन थांबवणे. ताटल्यांचा आवाज.)

(दृश्य : रिकामं पातेलं. मग वर्ग, भिंतीवर वेळापत्रक.)

वेळापत्रकात गणित पहिल्या तासाला आहे. गुरुजी ते दोन वाजता घेतात.

(दृश्य : फळ्यावर बाराचा पाढा. आवाज मुलांचाच.)