शिशाच्या जागी बिस्मथ

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरात मे महिन्यात पारा 43 वर गेला की आपण सावली शोधतो. घन इंधनाचं रॉकेट तापलं, तर तेच इंधन थंडीतल्यापेक्षा जोरात जळतं. हा फरक आटोक्यात ठेवायला अनेक वर्षं शिसं वापरलं गेलं. आता त्याच्या जागी बिस्मथ हा धातू घालून पाहतात.

सगळ्याच रॉकेटांत नाही हं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन वेगळं. शिसं घालतात ते नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीनच्या 'डबल बेस' इंधनात, म्हणजे मुख्यतः लहान लष्करी रॉकेटांत.

कुकरमधली वाफ वाढली म्हणून खालचा गॅस आपोआप मोठा होत नाही. रॉकेटमध्ये मात्र होतो! दाब वाढला की इंधन वेगानं जळतं, त्यातून आणखी वायू, आणखी दाब. दाबाबरोबर जळण्याचा वेग किती झपाट्यानं वाढतो, हे सूत्रातला दाबाचा घातांक सांगतो. तो 1 च्या पुढे गेला की नळीच फुटायची. शिशाचे क्षार थोडेसे घातले, की एका ठरावीक दाबाच्या पट्ट्यात हा घातांक शून्याजवळ येतो. दाब आणि वेगाच्या आलेखाची चढण थांबते. त्या सपाट भागाला 'पठार' म्हणतात. उन्हातान्हाचा फरकही तिथं कमी पडतो.

आवर्तसारणीत शिसं 82 वं, बिस्मथ 83 वं. बिस्मथचं सॅलिसिलेट तर पोटाच्या औषधात असतं. मग घाला की तेच! पण नुसती अदलाबदल केली तर पठार भलत्याच दाबावर सरकतं किंवा अरुंद होतं. जोडीच्या तांब्याच्या क्षाराचं आणि काजळीचं प्रमाण पुन्हा बसवावं लागतं. दरवेळी इंधनाची बारीक काडी बाजूंनी लेप देऊन, नायट्रोजनच्या दाबाखाली बंद भांड्यात जाळायची. काडीत ठरावीक अंतरावर तारा ओवलेल्या असतात. ज्वाळा पोचली की तार तुटते आणि दोन तारांमधला वेळ कळतो. हेच वेगवेगळ्या दाबांवर, गार आणि तापलेल्या काड्यांवर. नवा क्षार इंधनातल्या स्थिरकाला, म्हणजे साठवणीत इंधन खराब होऊ न देणाऱ्या द्रव्याला, खातो का, हे पाहायला नमुने गरम भट्टीत मुरवायचे. इथंच खरा वेळ जातो.

एवढा खटाटोप कशाला? शिसं जळून नाहीसं होत नाही. ते धुरातून कामगाराच्या छातीत जातं, चाचणीच्या मैदानातल्या मातीत बसतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. मुलांच्या रक्तात तर त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. भारतात पेट्रोलमधून ते 2000 साली गेलं, घरच्या रंगाला दशलक्ष भागांत 90 ची मर्यादा आली. रॉकेटचं मिश्रण उद्या बदललं, तरी गोदामातला जुना साठा उरतोच, आणि तो उघड्यावर जाळला तर शिसं पुन्हा मातीतच.