मेरी ब्रायंट: सिडनीहून होडीने पळालेली बंदिवान

नमस्कार. आजच्या भागात मेरी ब्रायंट या स्त्रीचे आयुष्य पाहू. तिच्याविषयी जे काही आपल्याला ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळे पुरुषांनी लिहून ठेवलेले आहे, आणि म्हणूनच ते वाचताना तिची स्वतःची बाजू मनात धरून वाचावे लागते.

मेरीचे माहेरचे आडनाव ब्रॉड. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील फोवी या बंदरगावी ती वाढली. दोन साथीदारणींसह तिने वाटेत एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि इतर ऐवज लुबाडला. मार्च 1786 मध्ये एक्झेटर येथील न्यायालयाने तिला या गुन्ह्यासाठी फाशी सुनावली आणि नंतर त्या शिक्षेऐवजी सात वर्षांची हद्दपारी दिली. अमेरिकी वसाहती स्वतंत्र झाल्यामुळे कैदी तिकडे पाठवण्याची इंग्लंडची जुनी सोय संपली होती. त्यामुळे तुरुंग भरून वाहत होते आणि जुन्या, निकामी जहाजांवर कैदी कोंडले जात होते. मेरीलाही प्लिमथजवळच्या अशाच एका जहाजावर ठेवण्यात आले. मे 1787 मध्ये अकरा जहाजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. त्यातील शार्लट या जहाजावर, प्रवासातच, तिला मुलगी झाली आणि तिने मुलीला जहाजाचेच नाव दिले.

फेब्रुवारी 1788 मध्ये, सिडनीला उतरल्यावर थोड्याच दिवसांत, तिने विल्यम ब्रायंट या कॉर्नवॉलच्याच कैद्याशी लग्न केले. तो मासेमारीत तरबेज असल्यामुळे वसाहतीच्या मासेमारी होड्या त्याच्या ताब्यात आल्या. पुढे काही मासे चोरून विकल्याबद्दल त्याला फटक्यांची शिक्षा झाली. वसाहतीतली त्या काळातली परिस्थितीही नीट लक्षात घ्यायला हवी. एप्रिल 1790 मध्ये माणशी आठवड्याचा शिधा एक किलोहून थोडे अधिक पीठ आणि जेमतेम एक-एक किलो तांदूळ व डुकराचे मांस एवढ्यावर आला. मांस तीन-चार वर्षांपूर्वी खारवलेले होते, आणि तांदळात इतके किडे होते की दाणे हलताना दिसत, असे वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने नोंदवले आहे. याच दिवसांत मेरीला इमॅन्युएल हा मुलगा झाला. दोन लेकरांची आई असल्या शिध्यावर दिवस कसे काढत असेल, याचा विचार केल्याशिवाय तिच्या पुढच्या निर्णयाचे वजन कळत नाही.

पळून जाण्याची तयारी शांतपणे आणि बारकाईने झाली. बंदरात आलेल्या एका डच जहाजाच्या कप्तानाकडून होकायंत्र, नकाशा आणि सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे यंत्र मिळवण्यात आले. झोपडीच्या फळ्यांखाली खोदलेल्या पोकळीत हे सामान लपवले होते. मार्च 1791 च्या अखेरीस ते डच जहाज निघून गेले आणि पाठलाग करू शकेल असे एकही जहाज बंदरात उरले नाही. त्याच रात्री दोघे नवराबायको, दोन मुले आणि सात पुरुष कैदी गव्हर्नरच्या होडीतून निसटले.

आता नकाशा पाहा. सिडनीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे, प्रवाळखडकांमधून, आणि मग खुल्या समुद्रातून तिमोर बेटावरील कुपांगपर्यंत हे अंतर 5000 किलोमीटरहून अधिक भरते. उघड्या होडीत लाटांचे पाणी सतत उपसावे लागे, खाण्यासाठी कासवे पकडावी लागत. सव्वादोन महिन्यांनंतर, 5 जूनला, ते कुपांगला पोहोचले तेव्हा अकराही जण जिवंत होते. अंगावरच्या बाळासह हा पल्ला पार करणाऱ्या मेरीला केवळ ‘विल्यमची बायको’ म्हणून सांगणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते.

कुपांगच्या डच अधिकाऱ्यांना त्यांनी आपण बुडालेल्या जहाजावरील लोक आहोत असे सांगितले, परंतु काही काळाने खरे उघडकीस आले. सप्टेंबरमध्ये खरोखरच जहाज फुटलेला इंग्रज कप्तान एडवर्ड एडवर्ड्स तेथे पोहोचला आणि त्याने या सर्वांना कैद करून नेले. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डिसेंबर 1791 मध्ये आधी इमॅन्युएल आणि मग विल्यम तापाने गेले. पुढच्या वाटेवर तीन पुरुष साथीदार गमावले. केप ऑफ गुड होपहून मायदेशी निघालेल्या गॉर्गन जहाजावर योगायोगाने टेंचही होता. या माणसांकडे पाहताना आपल्याला करुणा आणि आश्चर्य वाटल्यावाचून राहिले नाही, असे तो लिहितो. त्याच प्रवासात, मे 1792 मध्ये, शार्लट वारली आणि तिला समुद्रात सोडावे लागले.

लंडनमध्ये पळून जाण्याबद्दल मेरीला फाशी होऊ शकत होती. न्यायालयाने मूळ शिक्षेचीच मुदत पुरी करण्यास सांगितले. वृत्तपत्रांतून तिची हकीकत वाचून जेम्स बॉसवेल या वकिलाने सरकारदरबारी तिची रदबदली केली. मे 1793 मध्ये तिला माफी मिळाली, खरे तर तोवर तिची सात वर्षे भरलेलीच होती. बॉसवेलने तिला वर्षाला दहा पौंड देण्याची व्यवस्था करून कॉर्नवॉलला आपल्या माणसांकडे पाठवले. तिचे चार साथीदार मात्र न्यूगेट तुरुंगातच होते. बॉसवेलने त्यांच्यासाठीही खटपट सोडली नाही, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेही सुटले.