शनिवारी घाणा बंद

अलिबाग तालुक्यात वाढलेल्या माणसाला बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी यहुदी, कोण हे सांगावं लागत नाही. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही परंपरेने आलेली कथा तुम्हाला पाठच असेल. मला बोलायचंय ते त्यांच्या पुढच्या संसाराबद्दल.

हे लोक तेलाचे घाणे चालवायचे. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, धर्माने नेमलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी बैल सोडलेले. गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. तेल तर गावाला रोज लागतं. तरी ‘धंदा करायचा तर आमच्यासारखा करा’ असा हट्ट गावाने धरला नाही. मला यात फार मोठं मन दिसतं. त्यांनीही गावाचं मन राखलं, पुष्कळ घरांनी गोमांस वर्ज्य मानलं. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, झिराडकर, दिवेकर. त्यांचा मलिदा, म्हणजे प्रार्थनेचा प्रसाद, पाहा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं मांडलेली, आणि प्रार्थना मात्र एलियाहू हन्नाबी या यहुदी संदेष्ट्याच्या नावाने! मटणाच्या जेवणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो. कोकणात नारळाला काय तोटा?

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. जातीच्या उतरंडीत तेल्याची पायरी त्यांच्याही वाट्याला आली, आणि त्यांच्यात आपसातही गोरे-काळे हा भेद होता. पण यहुदी म्हणून कुणी त्यांचा छळ केला नाही.

1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद इथे त्यांची मराठी घरं उभी राहिली. तिथे काय झालं? 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी करायचा आदेश काढला. ज्या गावकऱ्यांशी धर्माचं नातं नव्हतं, त्यांनी कधी वंशावळ मागितली नव्हती; ती मागितली स्वधर्मीयांनी. लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. 1964 साली संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचं ठरावाने सांगितलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. हे वाचताना मला आजही राग येतो.

आता आपल्या बंदरांवर या. आज आपल्या किनाऱ्यावरच्या किती तरी बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत. त्यांचा सर्वांत मोठा सण दसैं, आपल्या नवरात्र-दसऱ्याच्याच दिवसांत येतो, आणि तेव्हा मासेमारी ऐन भरात असते. इथे बोटवाले बसलेत, बागायतदार बसलेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: खलाशी ठरवताना, उचल देतानाच त्याला विचारा, दसैंला घरी जायचंय का. आणि त्याचे ते दिवस धरूनच हंगामाची माणसं लावा.