प्रोबेशन चालू असताना कपात आली तर

(दृश्य: हिंजवडी, सकाळची वेळ. कंपन्यांच्या बसमधून उतरणारे तरुण, गळ्यात ओळखपत्रं.)

जुलै २०२५च्या शेवटी टीसीएसनं जाहीर केलं, की त्या आर्थिक वर्षात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी होतील. मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरची, असंही कंपनीनं सांगितलं. तरी अशी बातमी आली की पोटात गोळा येतो तो दोन-चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्यांच्या. जुनी नोकरी सोडलेली, नवी प्रोबेशनवर, म्हणजे अजून पक्की नाही.

ही भीती उगाच नाही. कपातीत शेवटी आलेला आधी जातो, हे तत्त्व कायद्यातच आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत हा क्रम मोडायचा असेल, तर मालकाला कारण नोंदवावं लागतं.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, अ‍ॅलोकेशनचं पान.)

आयटीत मात्र नावं निघतात ती बऱ्याचदा बिलिंगवरून, म्हणजे कुणाच्या कामाचे पैसे ग्राहकाकडून मिळतात त्यावरून. म्हणून कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर आधी आपलं अ‍ॅलोकेशन बघा. प्रोजेक्टवरची ही नेमणूक किती टक्के आहे, बिलेबल आहे की नाही, आणि संपण्याची तारीख कोणती? प्रोजेक्ट वर्षभराचं असलं, तरी आपलं अ‍ॅलोकेशन ३१ मार्चला संपत असू शकतं. ती तारीख आपोआप पुढे सरकेल असं धरून बसणं महागात पडतं. निदान दीड महिना आधी मॅनेजरला मेल करा आणि आरएमजीशी, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर नेमणाऱ्या गटाशी, बोलणं सुरू करा. टाइमशीटही वेळेवर भरा. न भरलेले तास बिलात जात नाहीत, आणि अहवालात माणूस रिकामा दिसतो.

आता नेमणूकपत्र. ऑफर लेटर वेगळं, हे वेगळं. त्यात प्रोबेशनचं कलम शोधा. 'सहा महिन्यांनंतर सेवा कायम समजली जाईल' असं लिहिलंय, की 'लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील'? दुसरं असेल, तर सातव्या महिन्यातही तुम्ही प्रोबेशनवरच असता. सहा महिने पूर्ण होताच एचआरला मेल पाठवून पत्र मागा. नोटीसचे दिवसही बघून ठेवा. प्रोबेशनमध्ये १५ किंवा ३० आणि कायम झाल्यावर ६० किंवा ९० असे दोन वेगळे आकडे बरेचदा असतात. हातात किती पगार उरतो, ते त्यावरच ठरतं.

यापुढचा महत्त्वाचा आकडा २४० दिवसांचा. आधीच्या बारा महिन्यांत एवढे दिवस काम भरलं, की ती वर्षभराची सलग सेवा धरतात. त्यानंतर कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सॉफ्टवेअरवाला 'कामगार' ठरतो का, यावर वाद होतात. पण नुसतं पदनाम 'मॅनेजर' आहे म्हणून हक्क जात नाही. प्रत्यक्षात काय काम करता, ते बघितलं जातं.

(दृश्य: छोटी मीटिंग रूम, टेबलावर एकच कागद.)

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते या खोलीत. बोलावणं अचानक येतं, वीस मिनिटांत विषय संपवतात आणि समोर राजीनाम्याचा मजकूर सरकवतात. 'रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं सांगतात. घाबरलेला नवा माणूस सही करतो. त्या सहीनं कपातीचा स्वेच्छेनं दिलेला राजीनामा होतो. भरपाईचा दावा कमकुवत होतो. शिवाय जॉइनिंग बोनसचं कलम बहुधा असं असतं, की वर्षाच्या आत स्वतःहून सोडल्यास रक्कम परत करायची. म्हणजे काढताय तुम्ही आणि पैसेही आम्हीच भरायचे, अशी गत होते. तिथे एवढंच म्हणावं: 'मला हे लेखी द्या. वाचायला दोन दिवस हवेत.' आवाज चढवू नका, सही करू नका. बाहेर आल्याबरोबर एचआरला मेल करा: किती वाजता, कोण हजर होतं, काय सांगण्यात आलं.

त्याच घाईत आणखी एक चूक होते. लॅपटॉप बंद होईल या भीतीनं फाइली स्वतःच्या मेलवर पाठवल्या जातात. कोड किंवा ग्राहकाची माहिती बाहेर गेली, तर शिस्तभंगाचं आयतं कारण मिळतं. आपले कागद तेवढे आपले: नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६. ते दर महिन्याला उतरवून ठेवावेत, बोलावणं येण्याची वाट बघू नये.

(दृश्य: वाकडमधली सोसायटी, घराचा करारनामा.)

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा भाडं १८ हजार, हप्ता ९ हजार, गावी १० हजार, बाकी खर्च १२ हजार. महिन्याला ४९ हजार झाले, तीन महिन्यांना १ लाख ४७ हजार. घराचं डिपॉझिट यात धरू नका, ते वेळेवर हातात येत नाही. अकरा महिन्यांच्या करारातलं लॉक-इनचं, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही याचं, कलमही वाचा. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल, तर नोकरी गेली तरी तोवरचं भाडं मागितलं जातं. सही करण्याआधीच 'नोकरी गेल्यास एक महिन्याची नोटीस' हे वाक्य घालून घ्या. घरमालकाशी नीट बोललं तर बरेच जण मानतात.

कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. घरात आईवडिलांचे उपचार चालू असतील तर हा धक्का पगाराइतकाच मोठा. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे पॉलिसी चालू असतानाच विचारा. पीएफ घाईनं काढू नका. सलग पाच वर्षं होण्याआधी काढला तर कर लागतो, नव्या नोकरीत वळवला तर सेवा जोडली जाते.

नवी वेतन संहिता म्हणते, की काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता झाला पाहिजे. औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत आणखी १५ दिवसांचं वेतन नव्या कौशल्यासाठी जमा व्हायला हवं. नाही झालं, तर लेखी मागणी करा आणि कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. काढून टाकण्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे, पण त्याआधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस थांबावं लागतं.

या काळात झोप उडते, घरी सांगायचा धीर होत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. घरच्यांना मात्र त्याच आठवड्यात सांगा. हप्ते कुणी भरायचे, ते एकट्यानं ठरवण्याची गोष्ट नाही.

आणि निघताना एचआरकडे आपला खासगी मेल आणि कायमचा पत्ता लेखी देऊन पोच घ्या. कपातीनंतर वर्षाच्या आत कंपनीनं पुन्हा भरती काढली, तर काढलेल्या कामगारांना आधी संधी द्यावी, असं औद्योगिक संबंध संहिता सांगते. ते पत्र बंद झालेल्या ऑफिसच्या मेलवर गेलं, तर तुमच्यापर्यंत पोचणार नाही.