मुक्काम: एक वर्ष

[दृश्य: पासपोर्टचं उघडं पान. कॅमेरा शिक्क्यावर हळूहळू जवळ जातो.]

हा शिक्का जरा जवळून बघा. किंचित तिरका पडलाय, एका कोपऱ्यात शाई पसरली आहे. त्यात दोन तारखा आहेत. पहिली, अर्ज मंजूर झाला ती. दुसरी, या देशात कधीपर्यंत राहता येईल ती. निवृत्तीनंतर थायलंडमध्ये येऊन राहिलेल्या परदेशी माणसाचं भाड्याचं घर, बँकेतली ठेव, ठरलेला डॉक्टर, गॅलरीतल्या कुंड्या, सगळं त्या दुसऱ्या तारखेवर उभं असतं.

आणि बहुतेकांच्या बाबतीत ही तारीख फार तर एक वर्ष पुढची असते.

[दृश्य: बँकॉक. चेंग वत्तना रस्त्यावरचं सरकारी संकुल. खुर्च्यांवर बसलेली ज्येष्ठ मंडळी, मांडीवर फायली.]

इमिग्रेशनच्या कचेरीतली सकाळ. हातात टोकन, मांडीवर फाइल, फाइलमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा आणि प्रत्येक झेरॉक्सवर खाली स्वतःची सही. एखादी सही राहिली तर खिडकीपाशी उभं राहून घाईघाईने करायची. पट्टाया, हुआ हिन, चिआंग माई, जिथे जिथे निवृत्त परदेशी मंडळी राहतात, तिथल्या कचेऱ्यांत असेच गठ्ठे दिसतात. यातल्या कित्येकांचं हे दहावं, पंधरावं वर्ष असतं. तरी आकडा पुकारला की फाइल छातीशी धरून उठतात. त्या उठण्यात अजूनही थोडी धाकधूक असते.

बोलताना सगळे 'रिटायरमेंट व्हिसा' म्हणतात. प्रत्यक्षात वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि वाट चुकली की पुढची कित्येक वर्षं ती चूक भोवते, म्हणून इथे थोडं थांबू या.

सगळ्यांना लागू असलेली अट वयाची. पन्नास पूर्ण हवीत. पहिली वाट 'नॉन-इमिग्रंट ओ' या व्हिसाची. त्यावर नव्वद दिवस मिळतात. ते संपायच्या आत इमिग्रेशनकडे निवृत्तीच्या कारणावर मुदतवाढ मागायची. १,९०० बात (थायलंडचं चलन) फी भरायची आणि एक वर्ष पदरात पाडून घ्यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुसरी वाट 'ओ-ए'. हा व्हिसा थायलंडबाहेरच्या वकिलातीतून काढून यायचा. त्यासाठी पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ऑक्टोबर २०१९ पासून त्याला आरोग्य विमाही सक्तीचा झाला. तिसरी वाट 'ओ-एक्स', पाच अधिक पाच अशा दहा वर्षांची, पण ती चौदाच देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्या यादीत भारत नाही.

यात विम्याचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. पंचावन्नाव्या वर्षी 'ओ-ए'वर आलेल्या माणसाला विमा सहज मिळतो. पंचाहत्तरीला तोच विमा मिळणं अवघड होतं, आणि मिळाला तर हप्ता डोळे पांढरे करणारा असतो. विमा नाही तर मुदतवाढ बहुधा अडते. साध्या 'ओ'च्या मुदतवाढीला ही सक्ती नाही. म्हणून व्हिसा निवडताना आजचं वय धरू नका. ऐंशीचे झाल्यावर ही अट पाळता येईल का, हे विचारा.

[दृश्य: बँकेतलं पासबुक छापणारं यंत्र.]

आता पैसा. एका वर्षाच्या मुदतवाढीसाठी थाई बँकेत ८ लाख बात दाखवावे लागतात, किंवा महिन्याला ६५,००० बात उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाखांची बेरीज. बहुतेक जण ठेवीचा रस्ता धरतात. कारण २०१८ च्या अखेरीस ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी उत्पन्नाचं पत्र देणं थांबवायचं ठरवलं. तोवर त्या एका पत्रावर हजारोंची मुदतवाढ होत होती. ते बंद झाल्यावर दर महिन्याला परदेशातून पैसे आल्याच्या बँकेतल्या नोंदी दाखवणं किंवा एकरकमी ठेव ठेवणं, एवढंच हातात राहिलं.

ठेवीचे नियम २०१९ मध्ये कडक झाले. अर्जाआधी दोन महिने पूर्ण ८ लाख खात्यात हवेत. मंजुरीनंतर आणखी तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. मग ४ लाखांपर्यंत खाली आलेलं चालतं, त्याखाली कधीच नाही. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा ८ लाख पूर्ण. हिशोब मांडा. वर्षातले पाच महिने पूर्ण रक्कम अडकलेली, उरलेले सात महिने निम्मी. पैसा तुमचाच, खातं तुमचंच, पण मध्यरात्री हॉस्पिटलने अनामत मागितली तर या पैशाला हात लावणं म्हणजे पुढच्या वर्षीचा मुक्काम पणाला लावणं. तेव्हा अडीअडचणीचा पैसा या ८ लाखांच्या बाहेर, वेगळ्या खात्यात हवा. तो नसेल तर या देशात राहण्याची तयारी अर्धीच झाली आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

अर्जाच्या दिवशी सकाळी माणसं आधी बँक गाठतात. खात्यात शंभर बात भरतात, पासबुक यंत्रात सरकवतात आणि खर्रकन एक नवी ओळ उमटते. त्या शंभर बातांची कुणालाच गरज नसते. गरज असते ती त्या ओळीतल्या आजच्या तारखेची, कारण कचेरीत शिल्लक बहुधा त्याच दिवसाची दाखवावी लागते.

[दृश्य: पासपोर्टच्या पानाला स्टेपल केलेली छोटी चिठ्ठी, वाऱ्याने हलते आहे.]

मुदतवाढ मिळाली की वर्षभर निर्धास्त, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सलग नव्वद दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा. ठरल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवसांनंतरपर्यंत ही नोंद करता येते. उशीर झाला तर २,००० बात दंड. पोच म्हणून ही इवलीशी चिठ्ठी मिळते. तिच्यावर पुढची तारीख असते आणि नवखे लोक तिलाच व्हिसाची तारीख समजतात. ही फक्त पत्त्याची नोंद आहे, तिने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही.

शिवाय परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत कळवायचं, तो टी.एम. ३० हा फॉर्म. हा नियम १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातलाच आहे. काम मालकाचं, पण त्याने ते केलं नसेल तर खिडकीवर अडतो भाडेकरू. घर बघायला जाल तेव्हा पाणी, वीज आणि पंखा बघता ना, त्याच दमात हेही विचारा.

आणि री-एंट्री परमिट, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना. लेकीकडे चार दिवस जाऊन येतो म्हणून हा परवाना न घेता विमानात बसलात, तर सीमा ओलांडताक्षणी वर्षभराची मुदतवाढ रद्द होते. एका वेळचा १,००० बात, अनेक वेळांचा ३,८००. घरून वाईट बातमी आली की माणूस पहाटेच्या पहिल्या विमानाने निघतो, परवान्याची आठवण तेव्हा कुणाला राहणार? म्हणून मुदतवाढ घेताना त्याच दिवशी अनेक वेळांचा परवाना काढून ठेवावा. ते ३,८०० बात वाया गेले तरी हळहळू नका.

मुदत उलटली तर दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,०००. शिवाय पुन्हा प्रवेशावर बंदी येऊ शकते. नव्वद दिवसांहून अधिक राहून स्वतःहून निघालात तर किमान एक वर्ष, पकडले गेलात तर किमान पाच.

[दृश्य: दोन खुर्च्या, एक रिकामी. जवळ चहाचा एकच कप.]

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं, ते.

पती-पत्नी दोघं येतात. दोघांच्या नावे आठ-आठ लाख अडकवून ठेवायला नको, म्हणून एकाने निवृत्तीच्या कारणावर मुदतवाढ घ्यायची आणि दुसऱ्याने त्याचा अवलंबित म्हणून. नियमात बसतं, पैसेही वाचतात. ठेवीचं खातं मात्र अर्जदाराच्या एकट्याच्या नावे असावं लागतं. वर्षानुवर्षं हे सुरळीत चालतं. मग एका रात्री अर्जदार जातो.

दुसऱ्या दिवशी मागे राहिलेल्या माणसापुढे काय असतं? ज्याच्या आधारावर आपला शिक्का होता तो आधार संपलेला. ८ लाख ज्या खात्यात आहेत ते खातं बँकेला मृत्यू कळताच गोठलेलं, आणि न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत तसंच राहणारं. घराचं भाडं, हॉस्पिटलचं बिल, अंत्यविधी, सगळं दारात. दुःख करायलाही सवड नाही आणि पासपोर्टवरची तारीख जवळ येत असते.

हे टाळता येतं. दोघंही पन्नाशीपुढचे असतील तर ऐपतीप्रमाणे दोघांनी स्वतंत्र ठेव आणि स्वतंत्र मुदतवाढ घ्यावी. ते जमत नसेल तर निदान प्रत्येकाच्या नावावर सहा महिन्यांच्या खर्चाचं वेगळं खातं असावं. थायलंडमधल्या मालमत्तेसाठी तिथल्या कायद्याप्रमाणे, थाई भाषेतलं मृत्युपत्र असावं. ते झालेलं असेल तर न्यायालयातलं काम पुष्कळ सोपं होतं. याबद्दल बोलणं अभद्र वाटतं, माहीत आहे. पण घरात हे बोलणं झालेलं असेल तर मागे राहिलेल्याचे हाल खूप कमी होतात.

आजारपणाचंही तसंच. मुदत संपायच्या सुमारास हॉस्पिटलमध्ये असाल तर डॉक्टरांच्या पत्रावर उपचारापुरती मुदत वाढवून मागता येते. पण ते पत्र घेऊन कचेरीत जाणारं कुणीतरी लागतं. ते माणूस कोण, हे आजारी पडण्याआधी ठरलेलं बरं.

[दृश्य: नकाशा. थायलंडवरून कॅमेरा मागे सरकतो.]

मग दुसरा देश? जरूर बघा, पण याच प्रश्नांनी बघा. निवृत्तीच्या मुदतवाढीवर थायलंडमध्ये वीस वर्षं काढली तरी त्या वर्षांतून कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. स्पेनमध्ये काम न करता राहण्याच्या परवान्यावर पाच वर्षं नियमाने काढली की दीर्घकालीन वास्तव्याला अर्ज करता येतो. पोर्तुगालच्या 'डी-सेव्हन' व्हिसाचंही तसंच. मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना २००२ ची, वर्षानुवर्षं लोकप्रिय होती. २०२१ मध्ये महिन्याच्या उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर गेली, आणि २०२४ मध्ये योजनेची रचनाच पुन्हा बदलली. थायलंडनेही सप्टेंबर २०२२ पासून दहा वर्षांचा 'एल.टी.आर.' व्हिसा आणला, पण त्यातल्या पेन्शनरांच्या गटाला वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्न लागतं. उत्पन्न त्याहून कमी असेल तर किमान ४०,००० तरी हवं आणि वर मोठी गुंतवणूक. सर्वसाधारण पेन्शनवर जगणाऱ्याला ते परवडत नाही.

करांचं थोडक्यात: वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलात की थायलंडचे कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून कमावलेलं परदेशातलं उत्पन्न तिथे आणलं तर ते कराच्या हिशोबात येऊ शकतं. दोन देशांतले करार बघून, जाणकाराला विचारूनच पैसे पाठवा. आणि मायदेशी पेन्शनचं काय होतं तेही बघा. ब्रिटनचं सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी दरवर्षी वाढत नाही, सुरू झालं त्या आकड्यावर गोठतं. पंधरा वर्षांच्या महागाईत तो आकडा किती छोटा होतो, याचा हिशोब निघण्याआधी कागदावर करावा.

[दृश्य: कपाट उघडतं. निळी फाइल. हात ती टेबलावर ठेवतो.]

ही घरातली फाइल. आत पासपोर्टच्या झेरॉक्स, पासबुक, भाडेकरार, विवाहाचं प्रमाणपत्र, मृत्युपत्राची प्रत. सगळ्यात वर एक कागद, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला. आधी कुणाला फोन करायचा, दूतावासाचा नंबर, वकिलाचा नंबर, तुझ्या खात्यात किती आहेत, तुझा मुक्काम कोणत्या तारखेपर्यंत आहे.

दर वर्षी कचेरीतून परत आलं की शेवटची ओळ खोडून तिथे नवी तारीख लिहायची.

[दृश्य: पेन कागदावर टेकतं.]