चार सेकंदांचा खेळ

(दृश्य: जुलैची संध्याकाळ. मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेचं आवार. खराट्याचा आवाज.)

पाऊस थांबून अर्धा तास झालाय. मागच्या मैदानात घोटाभर चिखल. पण बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावरचं पाणी खराट्याने लोटलं की काम झालं. ही मुलं शिक्षा म्हणून झाडत नाहीयेत. शाळा सुटलीय, तरी ती फुटसलसाठी थांबलीत.

फुटसल म्हणजे पाच-पाच जणांचा फुटबॉल. जाळी लावलेल्या टर्फवर, तासाचं भाडं वाटून घेऊन खेळतात त्यालाही हल्ली सगळे फुटसलच म्हणतात. म्हणोत बापडे. खरा फुटसल कडक, सपाट जमिनीवरचा. चेंडू चार नंबरचा, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलपेक्षा जरा लहान, मुद्दाम कमी उसळणारा. नवा मुलगा आधी वैतागतो. मग तळपायाने चेंडू दाबून थांबवायला शिकतो आणि पास जमिनीलगत जायला लागतात.

(दृश्य: किक-इन, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत मारणं. सर हात वर करून बोटं मोजतायत.)

जागेची ही अडचण जुनीच. 1930 साली उरुग्वेने फुटबॉलचा पहिला विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकला. त्याच वर्षी तिथल्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, वायएमसीए या तरुणांच्या संस्थेतले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी फुटबॉलवेड्या पोरांना बास्केटबॉलच्या कोर्टावर आणलं. बास्केटबॉल, हँडबॉल, वॉटर पोलो यांचे नियम उसने घेतले आणि नवा खेळ उभा केला. थोडक्यात, हा खेळ पीटीच्या सरांचाच.

मोठ्या मैदानावर कच्चा खेळाडू कडेला उभा राहतो आणि चेंडू त्याच्याकडे फिरकतही नाही. इथे लपायला जागाच नाही. 40 बाय 20 मीटरचा फुटसल कोर्ट म्हणजे फुटबॉल मैदानाचा जेमतेम नववा हिस्सा. शाळेचा हा कोर्ट तर 28 बाय 15. नियमाने रुंदी निदान 16 मीटर हवी. त्या एका मीटरबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. किक-इनला फक्त चार सेकंद. बोटं संपली की चेंडू समोरच्यांचा. जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, तो इथे 'मागे, मागे!' म्हणून ओरडतो. गोली तर सतत ओरडतच असतो.

मुलींचा गट पहिला खेळतो. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, ही घरच्यांची अट. ती पाळली की उद्या परत येता येतं.

(दृश्य: कोर्टाच्या कडेला दप्तरं, डबे, छत्र्या. एक मुलगा बूट बदलतोय.)

फुटसलचा खरा प्रतिस्पर्धी क्रिकेट नाही, क्लास आहे. दहावीचा हा मुलगा सव्वासहाला निघणार, साडेसहाला गणित. पण फुटसलमध्ये बदलीला मर्यादा नाही, खेळ थांबवावाही लागत नाही. तो रेषेबाहेर येतो, अंगातलं बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) काढून आठवीतल्या एकाच्या हातात देतो आणि दप्तर उचलतो. बिब उलटं घालूनच आठवीतला आत पळतो.