ढोलीतला गंजक्या भुंगा

(ओकचं खोड. कॅमेरा ढोलीत उतरतो.)

दक्षिण स्वीडन, लिंकोपिंगजवळचं कुरण. जुलैची दुपार. या ढोलीत हात घातला की कोपरापर्यंत भुगा लागतो: बुरशीनं कुजवलेलं लाकूड, पानं, पाखरांच्या घरट्यांचा केर, किड्यांची विष्ठा. स्वीडिश माणसं याला ‘मुल्म’ म्हणतात. अशी ढोली पडायला ओकचं वय 150-200 वर्षं तरी व्हावं लागतं.

(अळी, अगदी जवळून.)

ही तारेसारखी ताठ अळी गंजक्या भुंग्याची. शास्त्रीय नाव एलाटर फेरुजिनियस, कूळ क्लिक बीटलचं, म्हणजे ‘कट्ट’ आवाज करत उडी मारणाऱ्या भुंग्यांचं. शेतातले तिचे भाऊबंद पिकांची मुळं कुरतडतात. ही मात्र शिकारी. ऑस्मोडर्मा भुंग्याच्या लठ्ठ, पांढऱ्या अळ्या याच भुग्यात वाढतात आणि ही त्यांना खाते. काही वर्षं ती अळीच असते. भुंगा होऊन बाहेर पडल्यावर हाती उरतात थोडेच आठवडे.

(भुंगा उताणा. संथ गती.)

लांबी दोन सेंटीमीटरच्या आसपास, रंग गंजलेल्या लोखंडाचा. पुढच्या छातीखाली एक काटा आहे, त्यामागे त्याची खाच. भुंगा अंगाची कमान करतो, काटा खाचेच्या कडेला अडतो, स्नायू ताणत जातात. काटा सटकतो. कट्ट! पायांचं इथे कामच नाही. उडी मारूनही उताणाच पडला, तर पुन्हा कमान.

(फांदीला सापळा.)

फुलीसारखे लावलेले दोन पारदर्शक पत्रे, खाली नरसाळं, त्याखाली डबा. वर कुपीत मादीचा कृत्रिम गंध. नर वासावर येतो, पत्र्यावर आपटतो आणि घसरत डब्यात पडतो. डबा वेळेवर पाहिला नाही तर भुंगे सुकून मरतात, म्हणून तळाशी ओलसर भुगा. ऑस्मोडर्माच्या नराला पिकलेल्या पीचसारखा वास येतो. त्या वासाचा माग काढतही हा भुंगा ढोली गाठतो.

पूर्वी ढोलीतल्या भुग्यात पेला पुरून मोजणी व्हायची. त्यात हा क्वचितच सापडे. रिकामा पेला पाहून या झाडात भुंगा नाही असं ठरवणं, ही चूक महागात पडते.

(जुने बुंधे.)

शेतकऱ्याच्या रानातल्या ओकवरही 1830 पर्यंत राजाचा हक्क होता. तो उठला आणि कुऱ्हाडी चालल्या.

(ओकभोवतीची दाटी. करवत.)

उरलेल्या म्हाताऱ्या ओकना आता भोवतालची कोवळी झाडी गुदमरवते. ती तोडायची, पण टप्प्याटप्प्यानं, मध्ये काही वर्षं जाऊ देऊन. एकदम मोकळं केलं तर सावलीला सरावलेलं खोड उन्हानं वाळतं.